दोन इंच जास्त

टेपबाईचं खरं नाव तिच्या लायसन्सवर आहे, ते तिथेच राहू दे. आख्खी वस्ती तिला टेपबाईच म्हणते, कारण गळ्यात मोजायचा टेप नाही अशी टेपबाई आजवर कुणी पाहिलेली नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी छाती तपासायला घेतली तेव्हासुद्धा तिने टेप काढला नव्हता. "तुमचा स्टेथोस्कोप राहू दे, माझा टेप राहू दे," म्हणाली होती.

बाई शिवणकामातली. पण दुकान नाही. दुकान म्हणजे तिची जुनी, डब्यासारखी गाडी. मागची सीट काढून तिथे शिवणयंत्र बसवलेलं, एका बाजूला दोऱ्यांचे खण, दुसऱ्या बाजूला इस्त्री. ज्यांना दुकानात जाता येत नाही त्यांच्या दारात ही गाडी उभी राहते. कुणी चाकाच्या खुर्चीवर बसलेलं, कुणाचा एक हात चालत नाही, कुणी महिनोन् महिने अंथरुणाला खिळलेलं. तयार कपडे त्यांना होत नाहीत. टेपबाई त्यांची मापं घेते आणि बाजूने उघडणारा सदरा, एका हाताने लागेल असं बटण, बसल्याजागी चढवता येईल अशी पँट शिवून देते.

आणि हे सगळं पन्नाशी उलटल्यावर सुरू केलेलं, बरं का! त्याआधी बावीस वर्षं ती कपड्यांच्या कारखान्यात होती. बावीस वर्षं काय शिवलं? कॉलर. फक्त कॉलर. बाही पलीकडची शिवायची, खिसा त्याच्या पलीकडची. पूर्ण शर्ट कसा दिसतो ते बाईने रस्त्यावर लोकांच्या अंगावरच पाहिलं. ज्या दिवशी गाडीची किल्ली हातात आली, त्या दिवशी ती कारखान्याच्या मुकादमाला म्हणाली, "आता माझी कॉलर मीच ताठ करीन." आणि चालती झाली.

तर अशा या गाडीला एका सकाळी, भर रहदारीच्या चौकाजवळ, समोरून येणाऱ्या एका नव्या कोऱ्या गाडीने धडक दिली. रस्ता वळत होता, हा पठ्ठ्या वळण कापत मधली रेघ ओलांडून आला आणि टेपबाईच्या गाडीचा पुढचा कोपरा चेपून टाकला. यंत्र आतल्या आत आडवं झालं, दोऱ्यांचे रीळ रस्ताभर पळाले. बाईच्या कपाळाला टेंगूळ आलं, बाकी जीव शाबूत.

नव्या गाडीवाला उतरला. इस्त्रीचा शर्ट, हातात फोन. उतरल्या उतरल्या आवाज चढवला, "बाई, बघून चालवता येत नाही का?"

वा रे वा! चोर तो चोर आणि वर हा तोरा. टेपबाईने त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तिने त्याची कॉलर पाहिली, आमच्याच कारखान्याची, असं मनात म्हणाली आणि गाडीतून शिंप्याचा खडू काढला. दुसरं कुणी असतं तर फोटो काढले असते. बाईचा फोन पायाखाली येऊन फुटला होता, आणि तसंही बघितलेलं मोजल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तिने त्याच्या चाकांभोवती खडूने रेघा मारल्या, आपल्या चाकांभोवती मारल्या, गळ्यातला टेप काढला आणि रस्त्यावर गुडघे टेकून मोजायला बसली.

"अहो, काय चाललंय? माझी गाडी खडूने कशाला रंगवताय?" तो ओरडला. मागे उभे असलेले लोक हसायला लागले. एकाने तर विचारलं, "मावशी, रस्त्याला सदरा शिवताय का?"

"शिवीन," टेपबाई म्हणाली, "आधी माप तर येऊ दे."

चार मापं तिने वहीत उतरवली. फुटपाथपासून तिचं चाक किती लांब. फुटपाथपासून मधली रेघ किती लांब. त्याच्या ब्रेकची, रेघेपलीकडे उमटलेली काळी खूण किती लांबीची. आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं, त्याचं चाक मधल्या रेघेच्या अलीकडे, म्हणजे तिच्या बाजूला, किती आलंय. चौथ्यापुढे लिहिलं, सव्वीस. मग तिने विम्याचा कागद मागितला. त्याने ऐटीत काढून दिला. बाईने चष्मा लावला, कागद उजेडात धरला आणि तारीख वाचली. मुदत संपून अकरा दिवस झाले होते.

त्याचा नूर एकदम पालटला. "ताई, पोलीस कशाला? आपण आपसात मिटवू. तुम्ही तुमची गाडी बाजूला घ्या, मी माझी घेतो."

"मी घेणार नाही," ती म्हणाली.

पण त्याने स्वतःची गाडी मागे घेतलीच. मागच्या बसने भोंग्याचा नुसता कल्लोळ केला होता, त्याचं निमित्त झालं. वाहतूक पोलीस येईपर्यंत खडूच्या रेघांवरून निम्मं गाव गेलं. पोलिसाने जे शिल्लक होतं ते मोजलं, म्हणजे टेपबाईच्या मापांतली पहिली तीन. चौथं मोजायला जागेवर काही उरलंच नव्हतं.

आता पुढची भानगड सांगतो. दुसऱ्याकडे विमा नसेल तर आपलीच कंपनी आपली भरपाई देईल, असं एक कलम टेपबाईच्या पॉलिसीत होतं. त्याचा जादा हप्ता ती दरवर्षी भरायची आणि तिचा धाकटा भाऊ दरवर्षी हसायचा, "ताई, ऊन नसताना छत्री कशाला घेतेस?" आता तो हसत नव्हता. पण त्या कलमाला शेपूट होतं. चूक पूर्णपणे समोरच्याची असेल तर पूर्ण भरपाई. दोघांची असेल तर अर्धी. आणि नव्या गाडीवाल्याने लेखी जबाब दिला होता की बाईच रेघ ओलांडून आली आणि धडकेने परत मागे फेकली गेली.

गॅरेजवाल्याने बाईला सरळ सांगितलं, "अर्ध्यात अर्धी गाडी होते. अर्धी गाडी रस्त्यावर येत नाही." आणि हे कळल्यासारखा कारखान्याच्या मुकादमाचा निरोप आला. कॉलरच्या लायनीवर एक जागा रिकामी आहे, सोमवारपर्यंत कळवा. बाईने निरोप ऐकला आणि त्या दिवशी जेवलीच नाही. बावीस वर्षांची ती खुर्ची तिला डोळ्यांसमोर दिसत होती, वरचा तो पिवळा दिवासुद्धा.

शुक्रवारी ती वही घेऊन विमा कंपनीत गेली. तिथले साहेब तसे वाईट नव्हते. टेबल चकचकीत, बोलणं गोड, आणि हातात पोलिसांचा अहवाल.

"बाई, तुमची वही आणि पोलिसांची मापं मी ताडून पाहतो," साहेब म्हणाले. "तुमचं चाक फुटपाथपासून, पोलिसांच्या मते बेचाळीस इंच. तुम्ही चव्वेचाळीस लिहिलंय. मधली रेघ, पोलीस एकशे तीस, तुम्ही एकशे बत्तीस. ब्रेकची खूण, पोलीस अठ्ठ्याण्णव, तुम्ही शंभर." त्यांनी वही मिटली. "तीन मापं पडताळता येतात, तिन्ही वाढवलेली. मग चौथं खरं आहे असं कशावरून मानू?"

टेपबाईच्या तोंडचं पाणी पळालं. चाळीस वर्षांत तिच्या मापाला कुणी बोट लावलं नव्हतं. "माझं माप चुकत नाही," एवढंच ती म्हणाली, आणि तिचं तिलाच ते पोकळ वाटलं.

"सोमवारी समोरच्यालाही बोलावलंय. तेव्हा अर्ध्या भरपाईच्या कागदावर सही करून टाका," साहेब म्हणाले. "तुमच्याच सोयीचं आहे."

घरी येऊन तिने आधी टेप लोखंडी पट्टीला लावून पाहिला. टेप तंतोतंत. ताणला गेला असता तर माप कमी आलं असतं, जास्त नाही, एवढं तर तिला झोपेतही कळतं. मग चुकलं कुठे? भाऊ समजूत घालायला आला. "ताई, जाऊ दे ना. मोठ्या लोकांशी कुठे डोकं फोडतेस? अर्धं तर अर्धं."

"मोठा कोण त्यात? ज्याला स्वतःचा विमा भरता आला नाही तो?" ती कडाडली. भावाने चहाचा कप तोंडाला लावला.

काही सुचेना तेव्हा बाई कामाला बसली. तिचा स्वभावच तसा. एका निवृत्त मुख्याध्यापिकेचा कोट राहिला होता. आजी चाकाच्या खुर्चीवर, खुर्ची स्वतःच्या हातांनी फिरवणारी, दुसऱ्याने ढकललेलं मुळीच न खपवणारी. तयार कोट घालून चाक फिरवायला गेलं की काखेत टरकन उसवायचा. थंडी पडायच्या आत कोट हवा म्हणून आजी रोज निरोप धाडायच्या. टेपबाईने कापड पसरलं, वही उघडली, बाहीचं माप पाहिलं आणि खडूने रेघ मारली. जेवढं वहीत, तेवढंच कापडावर.

आणि तिचा हात थांबला.

शिवणीत दाबायला आणि अंगाला सैल राहायला जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. सगळे शिंपी वहीत नुसतं अंगाचं माप लिहितात आणि माया कापताना धरतात. टेपबाई मात्र तसं करत नाही. लहानपणी ती जिच्या हाताखाली शिकली, ती मावशी भारी कडक होती. "कापताना विसरशील," मावशी दरडावायची, "लिहितानाच दोन इंच धर." चुकलं की लाकडी पट्टीचा फटका. तेव्हापासून बाईचा डोळा टेपवर चोवीस वाचतो आणि हात वहीत सव्वीस लिहितो. तिला ते कळतसुद्धा नाही. गुडघे टेकून, कपाळावर टेंगूळ घेऊन, रस्ता मोजतानाही हाताने तेच केलं होतं. रस्त्याला माया सोडली होती शहाणीने!

"अगं बाई माझ्या," ती स्वतःशीच म्हणाली आणि मान वर केली तर समोर कपाट.

या कपाटाचं सांगायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी बाईने भिंतीतल्या कोनाड्याचं माप एका चिठ्ठीवर लिहून सुताराला दिलं होतं. सुताराने त्या मापाबरहुकूम कपाट आणलं आणि ते कोनाड्यात जाईना. दोन इंच मोठं! बाईने सुताराची अशी काही खरडपट्टी काढली की शेजारीपाजारी दारात जमले. "माझं माप चुकत नाही, तुझी करवत आंधळी," असं म्हणाली होती. लाकूडचोर म्हणाली होती. सुताराने दात-ओठ खात कपाटाची एक बाजू कापली, पैसे न घेता निघून गेला आणि त्यानंतर रस्त्यात दिसला की बाजू बदलायचा. ते एका बाजूने तासलेलं कपाट दोन वर्षं बाईकडे बघत होतं आणि बाई दोन वर्षं सुताराच्या नावाने बोटं मोडत होती.

भाऊ अजून चहाशीच बसला होता; बाईने हे सगळं सांगितलं तसा तो उठलाच. "मग सोपं आहे की! वहीचं पान फाड, नवं पान लिही, दोन-दोन कमी करून. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना!" टेपबाई म्हणाली. "गिऱ्हाइकाच्या मापात कधी खाडाखोड केली नाही, ती स्वतःच्या मापात करू? पान आहे तसंच जाणार."

शनिवारी सकाळी ती सुताराच्या दुकानी गेली. बाईला लढायला सांगा, शंभर लढेल. चुकलं म्हणायला सांगा, जीभ टाळूला चिकटते. दोनदा दुकानावरून पुढे गेली, तिसऱ्यांदा आत शिरली.

सुतार रंधा मारत होता. त्याने बघितलं आणि रंधा मारतच राहिला.

"चूक माझी होती," ती म्हणाली. "कपाटाचं माप मीच दोन इंच जास्त लिहिलं. तुझी करवत बरोबर होती."

रंधा थांबला. "मोठ्याने बोला," सुतार म्हणाला, "मशीनच्या आवाजाने हल्ली ऐकू कमी येतं."

मशीन बंद होतं, हे दोघांनाही दिसत होतं. बाईने दीर्घ श्वास घेतला आणि रस्त्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "चूक माझी होती! मी तुला चोर म्हटलं, ती जीभ माझीच आणि लाजही माझीच. झालं समाधान?"

सुतार हसला नाही. त्याने भिंतीकडे बोट केलं. तिथे खिळ्याला एक पिवळी पडलेली चिठ्ठी अडकवली होती, टेपबाईच्या अक्षरातली, खाली तारीख. चिठ्ठीवरच, तिच्या आकड्याशेजारी, त्याने स्वतः मोजलेलं कोनाड्याचं माप लाल पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. "दोन वर्षं लावून ठेवलीय," तो म्हणाला. "कुणी माझ्या मापावर शंका घेतली की दाखवतो. बोला, कुठे यायचं?"

सोमवारी साहेबांच्या टेबलासमोर चौघे बसले होते. टेपबाई, तिचा भाऊ, नव्या गाडीवाला आणि बोटाएवढा पेन्सिलीचा तुकडा कानामागे खोचलेला सुतार. अर्ध्या भरपाईचा कागद तयार होता, त्यावर पेनही ठेवलेलं होतं.

टेपबाईने पेन बाजूला सरकवलं. "साहेब, तिन्ही मापं चुकलीत हे मला मान्य," ती म्हणाली. "पण किती चुकलीत ते बघा. दोन, दोन आणि दोन. मला खोटंच लिहायचं असतं तर माझं चाक फुटपाथपासून लांब दाखवलं असतं का? त्या आकड्याने तर मी मधल्या रेघेजवळ सरकते, माझंच नुकसान होतं. मी सगळीकडे दोन वाढवते, कारण मला शिकवलंय तसं. सव्वीसातून दोन काढा. चोवीस राहतात. चोवीस इंच हा माणूस माझ्या बाजूला होता."

"हे तुम्ही आज म्हणताय," साहेब म्हणाले.

सुताराने चिठ्ठी टेबलावर ठेवली. "आणि हे ती दोन वर्षांपूर्वी म्हणालीय. तारीख वाचा."

साहेबांनी चिठ्ठी वाचली, उलटी करून पाहिली. "तुम्ही यांचे स्नेही का?"

"स्नेही?" सुतार खुर्चीतून अर्धा उठला. "साहेब, या बाईने चारचौघांत मला चोर म्हटलंय. दोन वर्षं मी हिचं तोंड बघितलेलं नाही. हिच्यासाठी खोटं बोलायला मला वेड लागलंय का? हिचा स्वभाव खराब, तोंड खराब. पण हिचा हात दोन इंच जास्त लिहितो, हे माझ्याइतकं कुणाला महागात पडलेलं नाही."

भाऊ जमिनीकडे बघत खोकला. पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी टायपिंग थांबवलं होतं.

नव्या गाडीवाल्याला आता बोलल्याशिवाय राहवेना. "पण माझं चाक तिथे होतं हे पाहिलं कुणी? मी गाडी हलवल्यावर कुठेही रेघा मारल्या असतील!"

"तुमच्याच जबाबात आहे की," टेपबाई शांतपणे म्हणाली. तिने तो साहेबांकडून मागून वाचला होता, एकदा नाही, सातदा. "तुम्ही माझी तक्रार केलीय. 'धडकेनंतर लगेच, गाडी जागेवर असतानाच, बाईंनी माझ्या नव्या गाडीच्या चाकांभोवती खडू फासला,' असं लिहिलंय. सही तुमचीच ना?"

त्याने कॉलरीत बोट घालून ती सैल केली. चांगली शिवलेली होती, सहजी सैल होणारी नव्हती.

साहेब बराच वेळ अहवाल, वही आणि चिठ्ठी आळीपाळीने बघत बसले. मग त्यांनी तयार कागद दुमडून टोपलीत टाकला आणि दुसरा काढला. पूर्ण भरपाई. आणि कंपनी ती नव्या गाडीवाल्याकडून वसूल करील, हे त्यांनी त्याच्याकडे बघून सावकाश सांगितलं. तो ततपप करायला लागला.

सही करताना साहेब म्हणाले, "पण बाई, यापुढे खरं माप लिहीत जा. या दोन इंचांनी तुम्हाला बुडवलंच होतं."

"नाही लिहिणार," टेपबाई म्हणाली. "तुम्ही तुमची कलमं इंचन् इंच घट्ट शिवा. माझी गिऱ्हाइकं हात हलवतात."

तिथल्याच फोनवरून तिने कारखान्यात मुकादमाला कळवलं की कॉलरला दुसरी कुणी बघा. सुतार दारापर्यंत सोबत आला आणि म्हणाला, "त्या कपाटाची कापलेली बाजू नीट करून देतो. पण माप मी घेणार."

"घे," ती म्हणाली. "लिहिणार मी."

गाडी रस्त्यावर यायला तीन आठवडे लागले. पहिल्याच सकाळी टेपबाईने ती मुख्याध्यापिका आजींच्या दारात उभी केली. आजींनी आधी उशिराबद्दल झाडलं, मग कोट अंगावर चढवून घेतला. बाही हातभर, पाठ सैल. आजींनी दोन्ही हात मागे नेले, चाकं घट्ट धरली आणि जोर लावला. खुर्ची दारातून बाहेर गेली, अंगणातून रस्त्यावर गेली, आणि काखेत एक टाकासुद्धा उसवला नाही.

"येतेस का मागे, की तिथेच उभी राहणार आहेस?" आजी पुढूनच ओरडल्या.